हाताने घडवलेली युकुलेली सांगून बनवून घेताय? या चुका टाळा

युकुलेली म्हणजे गिटारीसारखं, चार तारांचं छोटं वाद्य. ती बनवून घेताना कारागिराकडे फोटो मागा, जरूर मागा. लाकूड चिरलं, बाजू तापल्या पाइपवर वाकवल्या, तबली म्हणजे पुढची पातळ फळी चिकटवली, फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या ठोकल्या, असे एकेका टप्प्याचे फोटो व्हॉट्सॲपवर येत राहिले की मजा येते. पैसे मोजणाऱ्याचा तो हक्कच आहे. पण फोटो आला म्हणजे नवी फर्माईश करायची वेळ झाली, असं समजणारी मंडळी इतकी भेटतात की हल्ली फोटो पाठवताना माझा हात आखडतो.

सगळ्यात लाडकी फर्माईश पिकअपची, म्हणजे वाद्याचा आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणाऱ्या पट्टीची. खोका उघडा असेपर्यंत तो कुणालाही आठवत नाही. पाठ चिकटली, कडेची पट्टी बसली, फोटो गेला, की लगेच उत्तर: "दादा, एक नंबर! यात पिकअप बसेल ना? छोटासाच."

छोटासाच! सोप्रानो या लहान मापाच्या युकुलेलीच्या तबलीवरचं भोक जेमतेम दोन इंचांचं. त्यातून माझी बोटं कशीबशी आत जातात, मूठ विसरा. पिकअपची पट्टी सॅडलखाली, म्हणजे तबलीवर तारा जिच्यावर टेकतात त्या बारीक पट्टीखाली बसते, तिची वायर तबलीतून आत घ्यावी लागते आणि जॅक, म्हणजे बाहेरची वायर खुपसायचं तोंड, बसतो थेट बुडाच्या ठोकळ्यात, म्हणजे तिथे साधारण बारा मिलिमीटरचं आरपार भोक. एका गृहस्थांनी फारच हट्ट धरला. मग बुडाच्या भोकातून एक काडी आत सारली, पुढच्या भोकातून तिचं टोक बाहेर काढलं, त्यावर जॅक चढवला आणि काडी हळूहळू मागे ओढत जॅक जागेवर आणला. वॉशर निसटला की वाद्य पालथं करून खुळखुळ्यासारखं हलवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. एवढं करून जॅकचे आटे बाहेर पुरेसे येईनात, कारण ठोकळा त्या हिशेबाने पातळ केलेलाच नव्हता. तो मग आतून, न दिसणाऱ्या जागी, बोटाच्या टोकाने खरवडत बसलो. खोका उघडा असताना हेच काम चहा गार व्हायच्या आत झालं असतं. त्या गृहस्थांकडे ॲम्प्लिफायर अजूनही नाही.

तेव्हापासून माझ्याकडे एक कागद असतो. आकार, जी सुराची तार वरच्या सप्तकातली की खालच्या, पिकअप, पट्ट्याचं बटण, डावखुरे असाल तर ते, सगळं त्यावर लिहून सही. सही होईपर्यंत करवतीला हात लावत नाही. तोंडी ठरलेलं मी धरत नाही. काहींना याचा राग येतो. येऊ दे.

जी तारेचं काय ते आधी ठरवा. खालच्या जीची तार जाड असते, तिच्यासाठी नटची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीची, खाच रुंद करावी लागते. पुढे मन बदललं आणि त्याच खाचेत बारीक तार घातली की ती झणझणते. नट बदलता येतो, त्यामुळे आभाळ कोसळत नाही. मापाचं तसं नाही. सोप्रानोची तार साधारण तेरा इंच, कॉन्सर्टची पंधरा, टेनरची सतरा. फिंगरबोर्डवर, म्हणजे तारा बोटांनी दाबायच्या फळीवर, फ्रेटच्या खाचा एकदा पडल्या की सोप्रानोची कॉन्सर्ट होत नाही. दुकानात जाऊन तिन्ही मापं हातात धरून बघा आणि मगच फोन करा.

लाकूड फोटो बघून निवडू नका. प्रत्येकाला कोआ हवं असतं, कारण स्क्रीनवर ते चमकतं. १८७९ मध्ये मदेरा या पोर्तुगीज बेटावरून हवाईतल्या होनोलुलूला आलेल्या सुतारांनी आपल्या छोट्या गिटारीसारखं वाद्य तिथे करायला घेतलं, ते तिथे मिळणाऱ्या लाकडात, आणि ते लाकूड कोआ. आज हवाईतलेच कारागीर आंब्याच्या लाकडाच्याही देखण्या युकुलेल्या करतात, बुरशीने उमटलेल्या काळ्या रेषांसकट. आपल्याकडे आंबा म्हटला की गिऱ्हाइकाला हापूसची पेटी आठवते आणि चेहरा पडतो. नीट वाळलेला आंबा मला अर्धवट वाळलेल्या कोआपेक्षा कधीही चालेल. लाकडाचं नाव विचारण्याआधी ते किती वर्षं वाळलंय ते विचारा.

आणि आता पॉलिश. इथे लोक हमखास माती खातात. लॅकर काही तासांत हाताला कोरडं लागतं, पण आतला थिनर उडून ते कडक व्हायला आठवडे जातात. त्यात पावसाळा. दमट हवेत फवारलं तर ओल आत अडकून थर पांढरट, धुरकट होतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी फवारणी करत नाही. आणि नेमके तेव्हाच फोन सुरू होतात: गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमाला वाजवायचीय!

असाच एक तरुण दुसऱ्या कारागिराच्या मागे लागून युकुलेली घेऊन आला होता. ताजं लॅकर, आतून मखमल लावलेली केस, केस गाडीत, गाडी भर दुपारी उन्हात. केस उघडली तेव्हा पाठीवर मखमलीची वीण जशीच्या तशी उमटलेली आणि लाल तंतू लॅकरमध्ये रुतलेले. माझ्याकडे आणून म्हणतो, "जरा पुसून द्या." पुसून! आधी ते नुसतं टांगून ठेवलं, कारण मऊ थर घासला की कागदाला चिकटून निघतो. मग बारीक पाण्याचा कागद, मग बफ. कडेला थर पातळ होता, तिथे लाकूड उघडं पडलं, म्हणजे पुन्हा फवारणी आणि पुन्हा थांबणं. गणपतीची घाई दिवाळीपर्यंत पुरली.

माझी परीक्षा साधी आहे: नाक लावून वास घ्या. थिनरचा वास येतोय तोवर वाद्य केसमध्ये घालायचं नाही, मग कारागीर काहीही म्हणो.

स्टीलच्या तारा चढवू नका. ब्रिज, म्हणजे तबलीवर तारा जिथे बांधतात ती लाकडी पट्टी, उपटून येतो.

नव्या तारा सुरुवातीला उतरतातच. नायलॉन असो की फ्लुओरोकार्बन, ताणून बसायला वेळ घेतात. "बेसूर वाद्य दिलंत" असा मेसेज पहिल्याच संध्याकाळी करू नका.

शेवटी सिलिका जेल. बुटाच्या खोक्यातल्या पुड्या केसमध्ये टाकल्या की जबाबदारी संपली, असं बऱ्याच जणांना वाटतं. मुंबई-कोकणात जुलैमध्ये ठीक. तिथे तबली ओल पिऊन फुगते, तारा फिंगरबोर्डपासून वर जातात आणि दाबायला जड होतात. पण नागपूरच्या मे महिन्यात आधीच हवा कोरडी ठाक, त्यात त्याच पुड्या म्हणजे दीड-दोन मिलिमीटरची तबली तडकायला आमंत्रण. फ्रेटची टोकं कडेने बोटाला टोचायला लागली तर समजा की फिंगरबोर्ड आक्रसलाय. तेव्हा पुड्या काढा आणि झाकणाला भोकं असलेल्या साबणाच्या डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज ठेवून ती केसमध्ये ठेवा. केसमध्ये एक छोटा आर्द्रतामापक टाकून ठेवा. काटा पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांच्या आत असेल तर काहीच करू नका.