चष्मा उतरवण्याआधी मायक्रॉन विचारा

माझ्या उजव्या डोळ्याचा कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, मध्यभागी ४९२ मायक्रॉन जाड आहे (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). हा आकडा मला रक्तगटासारखा पाठ आहे, कारण चष्मा घालवायला माझं कुठलं ऑपरेशन होणार हे त्यानंच ठरवलं. नंबर उजव्या डोळ्याला मायनस साडेसात, डाव्याला मायनस पावणेसात, दोन्हीकडे थोडा सिलिंडर. सकाळी चष्मा शोधायला चष्मा लागायचा, अशी गत.

पहिल्या ठिकाणी गेले तर अर्ध्या तासात निकाल: "लेसिक होईल, पुढच्या शुक्रवारी या." लेसिक म्हणजे लेसरनं चष्मा घालवायचं सगळ्यांना ठाऊक असलेलं ऑपरेशन. कॉन्टॅक्ट लेन्स मी तिथल्याच आरशासमोर काढल्या होत्या, पण त्या किती दिवस घालता हे कुणी विचारलं नाही. मला त्यात काही खटकलंही नाही, उलट मी खुशीत होते. मोडता घातला मावशीनं. "खिडकीचा पडदा घ्यायला तीन दुकानं फिरतेस, आणि डोळ्याच्या पडद्याचं काम पहिल्याच दुकानात?" डोळ्याचा पडदा म्हणजे आतला मागचा रेटिना, त्याचा आणि लेसिकचा संबंध नाही हे तिला सांगत बसले नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला जो हिशेब मांडला, तोच तुम्हाला सांगते, कारण तो कुणालाही करता येतो. लेसर डोळ्याचा नंबर "घालवत" नाही, तो कॉर्निया तासून त्याचा आकार बदलतो. साडेसहा मिलिमीटर व्यासाच्या गोलावर काम करायचं तर एका नंबरामागे साधारण १४ मायक्रॉन जातात, सहा मिलिमीटरवर १२. माझे साडेसात गुणिले १४, म्हणजे १०५. लेसिकमध्ये आधी वरचा एक पातळ पापुद्रा, फ्लॅप, उचलतात. तो ११० मायक्रॉनचा धरला. झाले २१५. ४९२ मधून वजा केले की खाली उरतात २७७. किमान २५० तरी उरायलाच हवेत असा नियम आहे, पण बरेच सर्जन ३०० च्या खाली जायला तयार नसतात. शिवाय २१५ म्हणजे माझ्या कॉर्नियाच्या जवळपास ४४ टक्के. हा वाटा ४० च्या वर गेला की उरलेला कॉर्निया कमकुवत होऊन पुढे फुगण्याचा धोका वाढतो. त्याला एक्टेशिया म्हणतात, आणि ते झालं तर नजर चष्म्यानंही नीट सुधारत नाही. "करता येईल," डॉक्टर म्हणाले, "पण मी करणार नाही."

तेव्हा पहिली गोष्ट ही: कुठलं ऑपरेशन हवंय हे ठरवून जाऊ नका. मोजायला जा.

मोजणीलाही तयारीनं जावं लागतं. कॉन्टॅक्ट लेन्स कॉर्नियाला दाबून त्याचा आकार तात्पुरता बदलते. मऊ लेन्स असेल तर एक-दोन आठवडे आणि कडक असेल तर तीन-चार आठवडे किंवा जास्तच आधी बंद करा, नाहीतर यंत्र भलत्याच डोळ्याचा नकाशा काढेल. जुने नंबर लिहिलेले कागद न्या. वय किमान १८ हवं आणि वर्षभरात नंबर अर्ध्या (०.५) पेक्षा जास्त हललेला नसावा. तो अजून वाढत असेल तर थांबा. आज उतरवलेला चष्मा दोन वर्षांनी परत येईल. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर नंतर या, कारण त्या काळात नंबरही बदलतो आणि डोळे कोरडेही होतात. संधिवातासारखा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारा आजार, डोळ्याला पूर्वी झालेली नागीण, मुरुमांसाठी घेतलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, यातलं काहीही असेल तर न विचारता सांगा. आणि सोबत कुणाला तरी घेऊन जा. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सोसत नाही.

तपासणीत पाच गोष्टी झाल्या का ते बघा: कॉर्नियाचा नकाशा पुढून आणि मागून, त्याची जाडी, अंधारात बाहुली किती मोठी होते, अश्रू पुरेसे आहेत का, आणि थेंब घालून पडद्याची तपासणी. नकाशा सगळ्यात महत्त्वाचा. कॉर्निया शंकूसारखा होऊ लागलेला असेल, म्हणजे केराटोकोनस, तर सुरुवातीला तुम्हाला काहीच जाणवत नाही, फक्त नकाशात दिसतं. अशा डोळ्यावर लेसिक म्हणजे मुद्दाम ओढवून घेतलेलं संकट.

आता पर्याय. माझ्या घरात यातले तीन जवळून पाहिलेत.

भाचीचा नंबर मायनस अडीच आणि ती ज्यूडो खेळते. लेसिकचा फ्लॅप पहिल्यासारखा घट्ट कधीच जुळत नाही, जोरात मार बसला तर वर्षांनंतरही सरकू शकतो. म्हणून तिचं पीआरके केलं. यात फ्लॅप नसतो. कॉर्नियावरची नाजूक त्वचा खरवडून बाजूला करतात, लेसर देतात आणि वर पट्टीसारखी एक कॉन्टॅक्ट लेन्स ठेवतात. त्वचा चार-पाच दिवसांत भरून येते, पण पहिले दोन-तीन दिवस डोळ्यात वाळू गेल्यासारखं दुखतं. भाची अंधाऱ्या खोलीत सगळ्यांवर चिडत पडून होती. नजर स्वच्छ व्हायला काही आठवडे गेले. पुढचे काही महिने उन्हात गॉगल घालायचाच, कारण अतिनील किरणांनी कॉर्नियावर धुरकटपणा येऊ शकतो. कमी जाडीच्या डोळ्याला आणि मारामारीच्या खेळाला पीआरके चांगलं, पण आठवडाभराची सुट्टी धरून चला.

लेसर चालू असताना केस जळल्यासारखा वास आला म्हणून ती घाबरली होती. प्रत्यक्षात काही जळत नाही. १९३ नॅनोमीटरचा हा एक्सायमर लेसर रेणूंमधले बंध तोडतो, आजूबाजूला उष्णता जवळजवळ जातच नाही. मांसावर हे पहिल्यांदा दिसलं ते १९८१ साली, आयबीएम या अमेरिकन संगणक कंपनीत, सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर. तो तुकडा लेसरखाली ठेवणारे रंगस्वामी श्रीनिवासन मूळचे भारतातले. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मी टर्की?"

लेसिक सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. दुखणं कमी, दुसऱ्या दिवशी बहुतेकांना स्पष्ट दिसतं. पण फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या नसा तुटतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. हे सहसा सहा महिने ते वर्षभरात सुधारतं, काहींचं रेंगाळतं. आधीच कोरडे असतील तर ऑपरेशनआधी त्यावर उपचार करून घ्या. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. रात्री गाडी चालवण्यावर पोट असेल तर हे तोंडावर विचारा.

स्माइलमध्ये फ्लॅप नसतो. लेसरनं कॉर्नियाच्या आतच एक चकती कोरतात आणि दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून ओढून काढतात. सुरुवातीचा कोरडेपणा कमी असतो. पण फ्लॅप नाही म्हणजे जाडी लागत नाही असं नव्हे. चकती तितकीच जाते, म्हणून मलाही ते नाकारलं. नंबर थोडा राहिला तर दुसऱ्यांदा तसंच करता येत नाही, बहुतेकदा वरून पीआरके करावं लागतं. प्लस नंबराला ते फारसं वापरत नाहीत.

माझं झालं आयसीएल. इथे कॉर्निया तासतच नाहीत. सुमारे तीन मिलिमीटरच्या चिरेतून घडी केलेली लेन्स आत सरकवतात, ती बुबुळाच्या मागे आणि नैसर्गिक भिंगाच्या पुढे उलगडते. पण तिला जागा हवी. कॉर्निया आणि भिंग यांच्यातलं अंतर साधारण तीन मिलिमीटर लागतं, माझं ३.२ भरलं. कॉर्नियाच्या आतल्या पेशीही मोजतात, कारण त्या एकदा गेल्या की परत तयार होत नाहीत. लेन्सचा आकार अचूक हवा. मोठी झाली तर आतला दाब वाढू शकतो, लहान झाली तर भिंगाला टेकून मोतीबिंदू होऊ शकतो. म्हणून "मापाची लेन्स कशावरून ठरवता" हा प्रश्न मी तीनदा विचारला. तिसऱ्यांदा डॉक्टर हसले, पण उत्तर दिलं.

दोन डोळे आठवड्याच्या अंतरानं केले. मधला आठवडा विचित्र गेला: एक डोळा स्वच्छ, दुसरा मायनस पावणेसात, डोकं गरगरायचं. त्या दिवसांत जिना जपून उतरा. लेन्सच्या मध्ये पाणी वाहतं राहण्यासाठी बारीकसं छिद्र असतं, त्यामुळे रात्री दिव्यांभोवती एक बारीक रिंग दिसायची. आता मुद्दाम पाहिली तरच दिसते. गरज पडली तर लेन्स काढता येते, ही मला मोठी गोष्ट वाटली. त्या बदल्यात दरवर्षी दाब, पेशी आणि लेन्स व भिंग यांच्यातलं अंतर तपासायला जावं लागतं. कायमचं.

दादाची गोष्ट वेगळी. वय ४४, नंबर मायनस तीन, माझं पाहून त्यालाही चष्मा घालवायचा होता, लेसिकनं. डॉक्टरांनी विचारलं, "वाचताना काय करता?" हा म्हणाला, चष्मा काढून ठेवतो. तिथेच अडलं. दूरचा नंबर शून्य केला की चाळिशीचा चष्मा लगेच लागला असता. मधला मार्ग म्हणजे एक डोळा दूरसाठी आणि दुसरा जवळसाठी ठेवणं. ते ऑपरेशनआधी कॉन्टॅक्ट लेन्स घालून आठवडाभर करून बघता येतं, आणि चाळिशीच्या आसपास असाल तर बघाच. दादानं पाच दिवसांत लेन्स काढून ठेवल्या. त्याला नैसर्गिक भिंगच बदलण्याचा पर्यायही सांगितला, मोतीबिंदूत करतात तसा. वय पंचेचाळीसच्या पुढे आणि प्लस नंबर मोठा असेल तर तो विचार करण्यासारखा आहे. मायनसवाल्यांना पडदा सुटण्याचा धोका त्यात वाढतो. दादा चष्म्यावरच राहिला, आणि मला वाटतं त्यानं बरोबर केलं.

ऑपरेशननंतरची पथ्यं सोपी, पण चुकतात तिथेच. डोळे चोळायचे नाहीत. मी पहिला आठवडा रात्री ढाल लावून झोपले, झोपेत हात जातोच. पोहणं काही आठवडे बंद. स्टिरॉइडचे थेंब सांगितले तितकेच दिवस घाला. स्वतःहून वाढवले तर डोळ्यातला दाब वाढतो. दुखणं अचानक वाढलं, नजर घसरली किंवा लाली चढत गेली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

मोठा मायनस असलेल्यांना आणखी एक. चष्मा गेला तरी डोळा आतून लांबटच राहतो आणि पडदा ताणलेलाच असतो. डोळ्यापुढे अचानक ठिपक्यांचा पाऊस, विजेसारखी चमक किंवा कडेनं सरकत येणारी सावली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कागद फेकू नका. लेसर झालेल्या डोळ्यात पुढे मोतीबिंदूची लेन्स बसवताना जुन्या कॉर्नियाची मापं फार उपयोगी पडतात, आणि तासलेल्या कॉर्नियावर काचबिंदूचा दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. भाचीचे सगळे रिपोर्ट मीच स्कॅन करून तिला, तिच्या आईला आणि स्वतःलाही मेल केलेत. ती वीस वर्षांची आहे, मोतीबिंदू होईपर्यंत ती फाइल तिच्याकडे राहील यावर माझा भरवसा नाही.