कुत्रा दारातच अंगावर झेपावतो? आधी घरातल्यांच्या सवयी बदला

सांगलीत विश्रामबागेत संध्याकाळी हे हमखास दिसतं. स्कूटर गल्लीत वळली की कुत्रा फाटकाशी हजर, कुईकुई सुरू. मालक हेल्मेट न काढताच "आलो रे माझ्या राजा!" करत त्याला कवटाळतो. मग तक्रार काय, तर पाहुण्यांच्याही अंगावर जातो! यात त्या मुक्या जिवाचा काहीच दोष नाही. स्कूटर आली की दंगा करायचा, हे आपणच त्याला रोज शिकवतो. रशियन शास्त्रज्ञ पावलोव यांच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना खाण्याच्या आधीच्या खुणेनंच लाळ सुटायची. आपल्या घरात किल्ल्यांचा आवाज तेच काम करतो.

१. कुत्रा कशानं पेटतो, ते दोन-तीन दिवस नुसतं बघा. पट्टा, चपला, कुकरची शिट्टी, काहीही असू शकतं.

२. त्या खुणेचं अप्रूप घालवा. पट्टा दिवसातून चार-पाचदा हातात घ्या, इकडेतिकडे फिरा, परत खुंटीला अडकवा. बाहेर जाऊ नका. काही दिवसांत तो मान वर करून बघेल आणि पुन्हा पाय पसरेल.

३. घरात शिरताना हाका मारू नका, नजर देऊ नका. डबा ओट्यावर ठेवा, हातपाय धुवा. तो उडी मारेल तेव्हा गप्प उभे राहा, हवं तर पाठ फिरवा. "खाली उतर" म्हणून ढकललंत, तर त्याला तो खेळच वाटतो. चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच वाकून, हळू आवाजात बोलत छातीवरून हात फिरवा. हा क्षण चुकवू नका, सगळं शिकणं इथंच होतं. सुरुवातीला उड्या वाढतील. जुना उपाय चालेना म्हणून तो जोर लावतो, तेवढे दिवस तग धरा. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळा. आजोबांनी लाडानं एकदा जरी अंगावर घेतलं, तरी पुढे कितीतरी दिवस तो त्याच आशेवर उड्या मारत राहतो.

४. नुसता चेंडू फेकून त्याला दमवायला जाऊ नका, त्यानं तो आणखी चेकाळतो. कृष्णाकाठी सैल पट्ट्यानं न्या, थांबत थांबत हुंगू द्या. हुंगण्यानं कुत्रं शांत होतं. उन्हाळ्यात सकाळी लवकर जा, तापलेल्या डांबरानं पंजे भाजतात.

५. दुपारी झोपू द्या. मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास सहज झोपतो. मुलांनी त्याला उठवून खेळवलं, तर संध्याकाळी चिडचिड ठरलेली.

बक्षीस म्हणून उकडलेल्या चिकनचा बिनमिठाचा बारीक तुकडा पुरे. आपल्याकडे घरोघरी बेदाणे असतात, ते मात्र चुकूनही देऊ नका. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. लसूण घातलेलं भडंगही नको.

शांत कुत्रा अचानक बेचैन झाला, रात्री येरझाऱ्या घालू लागला किंवा हात लावू देईना, तर हे प्रयोग बाजूला ठेवून जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. कुठेतरी दुखत असण्याची शक्यता मोठी असते.