खोदस्की पेसचा इतिहास लिहिताय? या चुका टाळा

बोहेमियन शेफर्ड, म्हणजेच चेक लोकांचा खोदस्की पेस. या कुत्र्याबद्दल काही शोधायला जा, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत ‘सातशे वर्षं जुनी जात’ हे ठरलेलं वाक्य भेटतंच. गडबड तिथूनच सुरू होते.

सातशे वर्षं जुनी आहे ती सनद. बोहेमियाच्या नैऋत्य टोकाला, बव्हेरियाला लागून असलेल्या दोमाझ्लित्से परिसरात खोद लोक राहत. सरहद्दीवर गस्त घालायची आणि जंगलातल्या वाटा राखायच्या, हे त्यांचं काम. त्या बदल्यात १३२५ मध्ये राजा यान लक्झेंबर्गने त्यांचे विशेष हक्क लेखी मान्य केले. गस्तीला कुत्री असत, असं परंपरा सांगते, आणि ते पटण्यासारखंही आहे. पण आजच्या कुत्र्याचा रंग, उंची, कान असलं काही त्या काळात शोधू नका. नोंदवही, ठरलेला नमुना, नोंदलेली पिल्लं हा सगळा मामला १९८४ नंतरचा. त्या वर्षी यान फिंडेइस आणि विलेम कुर्झ यांनी जुन्या वर्णनांशी जुळणारी, कागदपत्रं नसलेली कुत्री निवडून पैदास हाती घेतली. नोंदलेली पहिली वीण १९८५ ची. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाची, म्हणजे एफसीआयची, तात्पुरती मान्यता तर थेट २०१९ मध्ये मिळाली. ही सालं एकाच वाक्यात कोंबलीत की वाचक फसलाच.

दुसरी चूक कादंबरीला ऐतिहासिक कागदपत्र समजण्याची. खोद लोकांच्या झेंड्यावरचं कुत्र्याचं डोकं घराघरात पोचलं ते चेक लेखक अलोइस यिरासेकच्या १८८४ च्या ‘प्सोहलाव्त्सी’ या कादंबरीमुळे. त्यातला यान स्लादकी कोझिना खरा. हक्कांसाठी भांडला आणि १६९५ मध्ये प्लझेनला फाशी गेला. पण कोझिना खरा म्हणून झेंड्याचं चित्रही तितकंच जुनं, असं होत नाही. झेंड्याची गोष्ट जरूर सांगा, बरोबर कादंबरीचं नावही द्या.

‘जर्मन शेफर्डचा पूर्वज’ हा दावाही जपून. जर्मन शेफर्डची नोंदणी १८९९ पासूनची आहे. त्याआधी खोद कुत्र्यांची वंशावळ कुणी लिहून ठेवलेली नव्हती. साम्य आहे, नातंही असू शकेल. ठाम विधान मात्र करू नका. (हौशी पालक यावर चिडतात, चिडू देत.)

सगळ्यात जास्त दिसणारा घोळ चेकोस्लोव्हाकियन वुल्फडॉगशी होतो, कारण ‘सीमारक्षक’ हा शब्द दोघांनाही चिकटलेला. वुल्फडॉगचा प्रयोग १९५५ चा: जर्मन शेफर्ड आणि कार्पेथियन लांडगा यांचा संकर, तोही सीमेवरच्या लष्करी कामासाठी. खोदस्की पेसची गोष्ट खेड्यातल्या राखणीची आणि गुराढोरांची.

फोटो टाकण्याआधी नीट बघा. खोदस्की पेस मध्यम बांध्याचा, काळा, त्यावर ठळक तांबूस खुणा: भुवयांवर ठिपके, गालांवर आणि पायांवर पट्टे. कान लहान, ताठ आणि एकमेकांजवळ, मानेवर दाट लांब केस, पाठ सरळ. फोटोतला कुत्रा राखाडी आणि पिवळसर डोळ्यांचा असेल तर तो वुल्फडॉग, फोटो बदला.