या चुका टाळा: वस्तीत नवं मूल आल्याची बालकथा लिहिताना

वस्तीत, चाळीत किंवा सोसायटीत नवं मूल येतं आणि बाकीची मुलं त्याला आपल्यात घेतात, या विषयावरच्या बालकथांना तोटा नाही. पण त्यातल्या निम्म्याअधिक एकाच जागी फसतात: नव्या मुलाला आधी पराक्रम करावा लागतो, मग खेळात जागा मिळते.

ठरलेला साचा असा. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला मुलगा गावच्या शाळेत येतो. पोरं त्याच्या कपड्यांना हसतात. मग गावातला एक मुलगा विहिरीत पडतो, हा उडी टाकून त्याला वाचवतो, गुरुजी पाठ थोपटतात, टाळ्या. ही कथा दुसरी-तिसरीच्या वर्गात वाचून दाखवा. एखादं पोरगं हमखास विचारतं, "आणि त्याला पोहता येत नसतं तर?" तिथे कथेचा निकाल लागतो. आपल्यात यायचं तर जीव धोक्यात घालावा लागतो, एवढंच तिने शिकवलेलं असतं. शिवाय ज्याने सोसलं, चांगुलपणाही त्यानेच दाखवायचा!

विहीर सरळ कापून टाका आणि तिथे खेळ घाला. लपंडावात नव्या मुलीला 'कच्चा लिंबू' करतात. ती सापडली तरी तिच्यावर राज्य येत नाही, तिने धप्पा दिला तरी धरत नाहीत. वरून लाड, आतून वगळणं, आणि हे प्रत्येक मुलाने पाहिलेलं असतं. आता तिने मागून येऊन राज्य असलेल्या पोराला धप्पा दिला. सगळे ओरडतात, "ती कच्चा लिंबू आहे, नाही चालणार!" तो पोरगा घामाघूम झालाय, त्याला लपायला जायचंय. तरी तो म्हणतो, "धप्पा बसलाय," आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून आकडे मोजायला लागतो. त्याला एक डाव सोडावा लागला. चांगुलपणाची किंमत कुणीतरी मोजतोय, हे सात वर्षांच्या वाचकाला असं दिसतं. 'त्याचं मन भरून आलं' लिहून दिसत नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे नवं मूल फक्त 'बिचारं' ठेवणं. ऊसतोडीचंच पात्र घेत असाल तर आधी माहिती काढा. ही कुटुंबं बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून दिवाळीच्या आगेमागे कारखान्याच्या भागात येतात, पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानांच्या, कोपीत (झोपडीत) राहतात आणि गाळप संपलं की उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. ते मूल धाकट्या भावंडाला सांभाळतं, पाणी भरतं, बैलांना वाढे (उसाचे हिरवे शेंडे) घालतं. बैल कुठल्या हाकेला वळतो ते त्याला ठाऊक असतं. त्याला काहीतरी हवं असू द्या, कशाचा तरी राग येऊ द्या, एखाद्या खेळात ते रडीचा डावही खेळू द्या. आणि 'ते कायमचे मित्र झाले' हा शेवट इथे खोटा पडतो, कारण हंगाम संपल्यावर मूल निघून जाणार. निघायच्या दिवशी खेळ अर्धा राहिला, हा शेवट खरा.

बाकीचं थोडक्यात. नव्या मुलाच्या तोंडी मोडकं मराठी घालून हशा मिळवू नका. अहिराणी किंवा गोरमाटी (बंजारा) बोलणाऱ्या मुलाचं एक वाक्य त्याच्याच बोलीत, जाणकाराकडून तपासून घाला. भांडण आजी-गुरुजींनी मिटवू नये. मोठी माणसं दारापर्यंतच ठेवा. पहिल्या पातळीच्या, म्हणजे नुकतंच वाचायला लागलेल्या मुलांच्या, चित्रपुस्तकासाठी कथा अडीचशे शब्दांच्या आत बसवा. चित्रात दिसणारं पुन्हा लिहू नका.

कथास्पर्धेची तारीख जवळ आली म्हणून आधी तात्पर्य ठरवून एका रात्रीत कथा पाडणारे बरेच असतात, आणि ते पहिल्या ओळीपासून कळतं. मसुदा आठवडाभर बाजूला ठेवा. मग शेवटचा परिच्छेद झाकून मोठ्याने वाचा. कथा कळत असेल तर तो परिच्छेद काढा. कळत नसेल तर तात्पर्य वाढवू नका, धप्प्याचा प्रसंग पुन्हा लिहा.