अमेरिकेतल्या छोट्या टाऊनशिपचा इतिहास कसा खणायचा

आधी एक गोंधळ मिटवून टाकू, टाऊनशिप म्हणजे टाऊन नाही. टाऊनला मेन स्ट्रीट असते, एखादा सिग्नल असतो. टाऊनशिप म्हणजे काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखी) एक छोटा भाग, स्वतःचा कारभार असलेला. खेड्याकडची टाऊनशिप म्हणजे मका, सोयाबीन, दोनचार चर्चेस, एक टाऊनशिप हॉल आणि त्याच्यामागे बर्फ काढायचा ट्रक, संपलं. मी ओहायोत राहते, घर घेतलं तेव्हा कागदावर शहराऐवजी टाऊनशिपचं नाव दिसलं, ऑनलाइन शोधलं तर चार ओळी निघाल्या आणि त्यातही लोकसंख्याच जास्त. तिथून हा नाद लागला. आता कुणी विचारलं की मी थांबतच नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

नावापासून सुरुवात करू नका. एकट्या ओहायोत वॉशिंग्टन टाऊनशिप नावाच्या चाळीसेक टाऊनशिप आहेत, शिवाय इंडियानात वेगळ्या, पेनसिल्व्हेनियात वेगळ्या. मी पहिले दोन वीकेंड दुसऱ्याच काउंटीतल्या लोकांचा इतिहास वाचण्यात घालवले 😅 त्यामुळे काउंटीचं नाव कायम सोबत ठेवा आणि जमिनीचा नंबर शोधा. १७८५ च्या लँड ऑर्डिनन्सनं ठरवलं की सरकारी जमिनीचे सहा मैल बाय सहा मैलांचे चौकोन पाडायचे, आणि एका चौकोनात ३६ सेक्शन, एकेक सेक्शन एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर. ओहायो नदीकाठी आजच्या ईस्ट लिव्हरपूलजवळ मोजणी सुरू झाली ती ६६ फुटी साखळीनं, ८० साखळ्या झाल्या की एक मैल. १७९६ नंतरच्या मोजणीत सेक्शनचे नंबर नांगर चालवल्यासारखे जातात, ईशान्य कोपऱ्यात १, तिथून पश्चिमेला ६ पर्यंत, मग खालच्या ओळीत उलटे पूर्वेकडे, असं करत करत आग्नेय कोपऱ्यात ३६. हे एकदा डोक्यात बसलं की जुना कागद वाचता वाचता जागा डोळ्यासमोर येते. १६ नंबरचा सेक्शन शाळेच्या खर्चासाठी राखून ठेवलेला असायचा, तो विकला का भाड्यानं दिला हे नक्की शोधा.

ओहायोवाल्यांनी जरा सांभाळून, आपल्याकडे हा नियम सगळीकडे चालत नाही. ईशान्येकडे वेस्टर्न रिझर्व्हमध्ये टाऊनशिप पाच मैलांच्या आहेत आणि दक्षिणेला व्हर्जिनिया मिलिटरी डिस्ट्रिक्टमध्ये चौकोनच नाहीत, तिथे अमुक ओकच्या झाडापासून तमुक ओढ्यापर्यंत अशा हद्दी आहेत, आणि ते ओकचं झाड आता कुठलं सापडणार. अजून एक, मोजणीची टाऊनशिप आणि कारभाराची टाऊनशिप एकच असेल असंही नाही, काउंटीनं नंतर तुकडे जोडलेले तोडलेले असतात.

नंबर मिळाला की ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या (केंद्र सरकारचं जमीन खातं) जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्सच्या साइटवर जा, फुकट आहे. सरकारनं पहिल्यांदा जमीन कुणाच्या नावावर केली ते तिथे कळतं, त्या कागदाला पेटंट म्हणतात, यंत्रांच्या वगैरे पेटंटशी संबंध नाही. पण पेटंटवर नाव आहे म्हणजे तो माणूस तिथे राहिला असं धरून चालू नका, बरेच जण जमीन घेऊन ठेवायचे आणि भाव आला की विकायचे. पुढचे व्यवहार काउंटी रेकॉर्डरच्या ऑफिसात, विकणाऱ्याची इंडेक्स वेगळी आणि घेणाऱ्याची वेगळी, एक दिवस काढून जा आणि ऑफिस दुपारी चारपर्यंत उघडं असेल या भरवशावर बसू नका.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मोजणीदारांच्या वह्या. कोपरा ठरवला की जवळच्या झाडांवर खूण करायचे आणि झाडाची जात, जाडी, अंतर लिहून ठेवायचे, याला विटनेस ट्री म्हणतात. म्हणजे आज जिथे नजर पोचेल तिथपर्यंत मका आहे तिथे बीचची झाडं होती का ओकची, दलदल कुठे होती, सगळं कळतं. आणि हे वाचताना त्याच्या आधीचं पण बघा, कारण जवळजवळ सगळे टाऊनशिप इतिहास पहिला गोरा सेटलर आला तिथून सुरू होतात, जसं काही आधी कुणी नव्हतंच. ओहायोच्या मोठ्या भागासाठी १७९५ चा ग्रीनव्हिलचा तह (मूळ रहिवासी जमातींनी जमीन सोडल्याचा) वाचा, आणि त्यांच्यातल्या वायँडॉट लोकांना शेवटी १८४३ मध्ये राज्य सोडावं लागलं तेही. तुमच्या चौकोनावर कुठला तह लागू होतो हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका असं माझं मत आहे.

आता माणसं. १८५० पासूनच्या सेन्ससमध्ये घरातल्या प्रत्येकाचं नाव येतं (गुलाम सोडून, त्यांची वेगळी यादी आणि तीही नावाशिवाय). १८९० चा शोधत बसू नका, १९२१ च्या आगीत तो जवळपास सगळा गेला. ७२ वर्षं झाल्याशिवाय नावं उघड करत नाहीत, त्यामुळे सध्या १९५० चा शेवटचा. पण लोक एक गोष्ट विसरतात, १८५० ते १८८० च्या सेन्ससमध्ये शेतीचा वेगळा तक्ता आहे, त्यात एकेका शेताच्या गाई, मेंढ्या, लोकर, लोणी किती पौंड, गहू किती बुशेल (धान्याचं माप) असं सगळं लिहिलंय. गावाचा स्वभाव बघायचा तर तिथे. सिव्हिल वॉरमध्ये दक्षिणेकडून कापूस यायचा बंद झाला आणि लोकरीला भाव आला, आमच्याकडच्या तक्त्यात मेंढ्या वाढलेल्या दिसतात आणि नंतर हळूहळू दुधाच्या गाई. घरोघरी लोणी केलं कुणी, तर बायकांनी, पण नाव लिहिलंय नवऱ्याचं.

काउंटी हिस्टरी नावाची जाडजूड पुस्तकं मिळतील, १८८० च्या आसपासची. वाचा, पण सगळं खरं धरू नका. ज्यांनी पैसे भरले त्यांचीच चरित्रं छापायचे, त्यामुळे सगळे कष्टाळू, सगळे देवभीरू, दारुडा एकही नाही. त्याच काळातले ॲटलस मात्र सोनं आहेत, घर म्हणजे छोटा काळा चौकोन आणि बाजूला मालकाचं नाव, शाळा, चर्च, दफनभूमी, सगळं दाखवलेलं. त्याचा फोटो फोनवर घ्या आणि गाडी काढा.

गाडीतून काय बघायचं? सरळ जाणारा रस्ता मध्येच कारण नसताना डावीकडे वळून परत सरळ झाला तर तिथे मोजणीची करेक्शन लाइन असू शकते, पृथ्वी गोल आहे आणि चौकोन त्यावर नीट बसत नाहीत त्याचा तो हिशोब. चौकात एखादं विटांचं छोटं घर, उंच खिडक्या, तर ॲटलस बघा, बहुतेक एकखोली शाळा निघेल. नकाशावर असलेलं पण आता बोर्डसुद्धा नसलेलं गाव सापडलं तर तिथलं पोस्ट ऑफिस कधी बंद झालं ते शोधा, १८९६ ला टपाल शेतावर पोचवायची सेवा सुरू झाली आणि असली बरीच पोस्टं गेली, पोस्ट गेलं की नावही गेलं. दफनभूमीत निळसर राखाडी, अगदी कालच बसवल्यासारखी दिसणारी थडगी असतील तर बोटानं टकटक करा, पोकळ आवाज येतो, ते दगड नाहीत, जस्त आहे. आणि कृपा करून अक्षरं वाचायला शेव्हिंग फोम लावू नका, दगड खराब होतो, बाजूनं आरसा धरून उजेड पाडला तरी दिसतं.

सगळ्यात शेवटी टाऊनशिपच्या मिनिट्सच्या, म्हणजे बैठकांच्या नोंदींच्या वह्या. ओहायोत कारभार तीन ट्रस्टी आणि एक फिस्कल ऑफिसर बघतात, रेकॉर्ड सार्वजनिक आहे, आधी फोन करून जा. कंटाळवाणं वाटेल पण खरं गाव इथेच आहे. कुंपण कुणी दुरुस्त करायचं यावरून भांडणं, रस्त्याचा टॅक्स पैशाऐवजी अंगमेहनतीनं फेडलेले दिवस, नव्यानं आलेल्या गरीब कुटुंबाला निघून जा म्हणून बजावलेल्या नोटिसा (पुढे मदत मागतील म्हणून), आणि कुत्र्यांनी मारलेल्या मेंढ्यांची भरपाई, पानंच्या पानं. आमच्या वहीत एकाच माणसाचा तीनदा दावा आहे, तिसऱ्या वेळी ट्रस्टींनी रक्कम निम्मी केली आणि कारण लिहिलं नाही, मला अजून त्या कुत्र्याचा मालक कोण ते हवंय.

वहीचे फोटो काढताना पान नंबर आणि तारीख फ्रेममध्ये येऊ द्या. माझ्याकडे दोनशे फोटो आहेत आणि त्यातले अर्धे कुठल्या वर्षाचे ते मलाच कळत नाही, परत जायचंय.