बाळ ढोलाला दचकलं, म्हणजे ऐकू येतं? नवजात बाळाचे कान तपासताना या चुका टाळा

गल्लीत नाशिक ढोल सुरू झाला, की पाळण्यातलं बाळ दचकतं आणि आजी कौतुकानं म्हणते, "बघा, किती तिखट कानाचं आहे!" मोठी गफलत होते ती इथेच. ढोलाचा हादरा छातीलाही जाणवतो. ताट वाजवून पाहिलं तर हलणारा हात दिसतो. शिवाय एकाच कानाने किंवा कमी ऐकणारं बाळही मोठ्या आवाजाला दचकतंच. हळू बोललेलं त्याला ऐकू येतं का, हे ताट सांगत नाही.

ते ओएई चाचणी सांगते. कानात मऊ टोकाची छोटी नळी ठेवून बारीक आवाज सोडतात आणि आतल्या कानातून येणारा प्रतिसाद मशीन टिपतं. दुखत नाही, काही मिनिटांत होतं. अट एकच, बाळ शांत हवं. म्हणून पोटभर दूध पाजून, झोपलेलं न्या. भुकेलं बाळ रडत राहिलं, तर मशीनला ऐकू येतं ते त्याचं रडणंच.

कागदावर 'रेफर', म्हणजे 'पुन्हा तपासा', असा शिक्का पाहून घरी रडारड नको, आणि "मशीनच बिघडलंय" म्हणून कागद कपाटातही नको. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात पाणी, पांढरा चिकटा असतो, त्यानेही रेफर येतो. चाचणी पुन्हा करायची. तरीही रेफर आला, एका कानाचा का होईना, तर बेरा, म्हणजे कानापासून मेंदूपर्यंतची नस तपासणारी चाचणी, करून घ्यायची. मधल्या काळात कानात कोमट तेल अजिबात नको, मालीशवाल्या बाईंना हे आधीच बजावा.

काचेच्या पेटीत राहिलेल्या किंवा काविळीसाठी रक्त बदलावं लागलेल्या बाळाला नुसती ओएई पुरत नाही. ती आतला कान तपासते, पुढची नस नाही. तिथेही बेराच लागते.

आपल्याकडे तपासणी राहून जाते ती बहुधा माहेर-सासरच्या मध्ये. बाळंतपण निफाडला, सासर सिडकोत, फाईल माहेरच्या कपाटात. त्यात "सव्वा महिना होऊ दे, मग बघू." पण पहिली तपासणी १ महिन्याच्या आत, निदान ३ महिन्यांच्या आत आणि गरज असल्यास श्रवणयंत्र ६ महिन्यांच्या आत, असा जगभरचा दंडक आहे. सव्वा महिन्याने पहिलाच टप्पा हुकतो! दवाखान्यातून घरी निघतानाच विचारा, "कान तपासले का?" नसतील तर नाशिकला त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाही येतो.

आणि 'पास' हा जन्मभराचा दाखला नव्हे. मेंदूज्वरानंतर किंवा घराण्यात बहिरेपण असेल तर श्रवण नंतरही कमी होऊ शकतं. सहा-सात महिन्यांचं बाळ हाकेकडे वळत नसेल, वर्षाचं होऊनही 'बाबा', 'मामा' म्हणत नसेल, तर "याचे वडीलही उशिराच बोलले" हे ऐकून घ्या आणि दुसऱ्या दिवशी कान तपासायला न्या.