उभ्या चढावर इंजिन ऑइलविना राहू नये म्हणून या चुका टाळा

चढावर गाडीचं नाक वर गेलं की चेंबरमधलं (इंजिनच्या तळाशी असलेल्या भांड्यातलं) ऑइल मागे पळतं, उतारावर पुढे येतं. ऑइल ओढणारी जाळी मात्र एकाच जागी घट्ट बसवलेली असते. ती उघडी पडली की पंप ऑइलऐवजी हवा ओढतो, क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगवरचा ऑइलचा थर तुटतो आणि धातूवर धातू घासू लागतो. टर्बोचं (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचं) बेअरिंगही याच ऑइलवर जगतं.

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या चिखलवाटांवर सर्रास दिसणारी चूक म्हणजे चढाच्या मध्यावर चाकं अडकली तरी इंजिन चालू ठेवून बसणं. कोणी दोरी शोधतं, कोणी दगड लावतं, कोणी व्हिडिओ काढतं, आणि गाडी नाक वर करून धडधडत राहते. काही जण तर त्याच अवस्थेत रेस देत राहतात. तसं करू नका. ब्रेक दाबून धरा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, इंजिन बंद करा, चाकांमागे दगड लावा. मग विचार करायला हवा तेवढा वेळ घ्या. निघताना रिव्हर्स गिअरमध्ये सरळ मागे या. गाडी आडवी वळवू नका, उलटायची भीती असते.

ऑइल मोजायच्या पट्टीवर (डिपस्टिकवर) दोन खुणांच्या मध्ये असेल तर डांबरी रस्त्यावर भागतं. उभ्या चढाला जायचं असेल तर ते वरच्या खुणेपर्यंत हवं. मोजायचं ते सपाट जागेवर, इंजिन बंद केल्यावर 5-10 मिनिटांनी. वरच्या खुणेच्या पलीकडे मात्र ओतू नका. क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि पंपात पुन्हा हवाच जाते. डिझेल गाडीत जादा ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, शिरलं तर इंजिन तेच जाळून भडकतं आणि चावी फिरवूनही थांबत नाही.

डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या लाल दिव्याची वाट पाहू नका. बऱ्याच गाड्यांत ऑइलचा दाब साधारण अर्ध्या बारच्या खाली गेल्यावरच तो लागतो, म्हणजे बेअरिंगला झळ आधीच लागलेली असू शकते. तरी दिवा कधी लागतो यावरून बरंच कळतं. फक्त चढावर लागत असेल तर आधी ऑइलची पातळी बघा. सपाटीवर, गरम इंजिन आयडलला असताना लागत असेल तर ऑइल पातळ झालंय, जाळी चोंदलीय किंवा बेअरिंग झिजलंय. सेन्सरही तपासून घ्या. आणि दगडाचा मार बसल्यावर लागला, तर गाडीखाली वाका. चेंबरचा तळ बोटभर आत गेला तरी जाळीला ऑइल ओढायला जागा उरत नाही. अशी गाडी टो करूनच न्या.

गाडी कलंडली असेल तर सरळ केल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये ऑइल उतरलेलं असू शकतं आणि ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकतो. आधी मेकॅनिककडून ग्लो प्लग (डिझेल गाडीत) किंवा स्पार्क प्लग (पेट्रोल गाडीत) काढून ऑइल बाहेर काढून घ्या.